वाऱ्याची वाट

एखाद्याची काळजी घेण्याचें आपण टाकिलें म्हणजे लोक म्हणतात, ‘त्यास वाऱ्यावर सोडिलें.’ जणूं वाऱ्याएवढें बेभरंवशाचें जगांत दुसरें कांहींच नाहीं! वीस वर्षें पदार्थविज्ञान शिकवितांना आम्हांस मात्र उलट अनुभव आला आहे. वारा हा मोठा आज्ञाधारक चाकर आहे. त्याचा धनी कोण, एवढेंच आपणांस ठाऊक नसतें. त्या धन्याची ओळख विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हा धनी म्हणजे हवेचा दाब. हवेस वजन आहे, ही गोष्ट मुलांस प्रथम खरी वाटत नाहीं. यास्तव आम्ही वर्गांत पेला पाण्यानें काठोकाठ भरितों, त्यावर जाड कागद ठेवितों आणि पेला उपडा करितों. कागद पडत नाहीं व पाणीही सांडत नाहीं. कारण हवा त्यास खालून रेटून धरिते. १६४३ सालीं इटलींतील टॉरिसेली यानें पाऱ्याच्या नळीनें हा दाब मोजला. समुद्रकिनाऱ्यावर हवा सुमारें ७६ सेंटिमीटर उंचीचा पारा तोलून धरिते. १६४८ सालीं फ्रान्समधील पास्कल याच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्यानें तशीच नळी पुई द दोम या डोंगरावर नेली, तेव्हां शिखरावर पारा सुमारें ८ सेंटिमीटर उतरलेला आढळला. उंच जावें तसा डोक्यावरील हवेचा थर कमी होतो, म्हणून दाबही कमी होतो. किनाऱ्यावर आपल्या तळहाताएवढ्या जागेवर सुमारें १०० किलोचा भार असतो. पण तो चोहोंकडून सारखा असल्यामुळें आपणांस जाणवत नाहीं.

हा सारखेपणा मोडला, कीं अधिक दाबाकडून उण्या दाबाकडे हवा धांवूं लागते. या धांवण्यासच आपण वारा म्हणतों. सारखेपणा मोडणारा मुख्यतः सूर्य होय. कोंकणांतील वाचकांस याचें उदाहरण रोजचेंच आहे. दिवसां जमीन समुद्रापेक्षां लवकर तापते. तिच्यावरील हवा हलकी होऊन वर चढते व तेथील दाब उतरतो. मग समुद्रावरील थंड हवा किनाऱ्याकडे येते. तो खारा वारा. रात्रीं जमीन लवकर निवते आणि हवा उलट समुद्राकडे वाहते. तो मतलई वारा. पहांटे मतलईवर शीड उभारून बाहेर पडावें व दुपारनंतर खाऱ्यावर घरीं यावें, हा हिशेब शिडाच्या होड्यांच्या काळीं कोळी बांधवांस पुस्तकावांचून पाठ होता.

मोसमी वाऱ्यांच्या मुळाशींही जमीन व समुद्र यांच्या तापण्यांतील हाच भेद आहे. उन्हाळ्यांत सिंध-राजस्थानचा प्रदेश भाजून निघतो व तेथें दाब उतरतो. परंतु येथें एक कोडें पडतें. तो प्रदेश आम्हांस वायव्येस. मग पावसाचा वारा सरळ तिकडे न जातां नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे कां वाहतो? याचें उत्तर पृथ्वीच्या फिरण्यांत आहे. त्या फिरण्यामुळें लांबचा प्रवास करणारी हवा उत्तर गोलार्धांत आपल्या उजव्या हातास वळते. अशा वळण्याचें गणित फ्रेंच पंडित कोरिओलिस यानें १८३५ सालीं मांडिलें. पुढें १८५७ सालीं हॉलंडमधील बाइज बॅलट यानें सोपा नियम दिला: उत्तर गोलार्धांत वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, उणा दाब तुमच्या डाव्या हातास असेल. मुलांनो, पावसाळ्यांत मोकळ्या मैदानावर जाऊन पडताळा पहा. नैर्ऋत्येकडे पाठ केली, कीं डावा हात वायव्येकडेच जातो!

एके वर्षीं हा नियम ऐकून एका कोळी विद्यार्थ्यानें विचारिलें, “सर, बाबा समुद्रावर असतांना याचा उपयोग काय?” वर्ग हंसला, आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. विद्येची खरी परीक्षा अशाच प्रश्नानें होते. आम्ही फळ्यावर चक्रीवादळ काढिलें. त्याच्या मध्यावर दाब फार उतरलेला असतो. चहूंकडून हवा आंत धांवते, पण उजवीकडे वळत जाते. म्हणून आपल्याकडे ती मध्याभोंवतीं घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें फिरते. दमट हवा वर चढून निवते, वाफेचें पाणी होतांना उष्णता बाहेर पडते, आणि तीच वादळास बळ देते. वाऱ्याची दिशा व पारा उतरण्याची गति पाहून जुने खलाशी वादळाचा मध्य कोणीकडे आहे तें ओळखीत व जहाज दूर नेत. आज १८७५ सालीं स्थापन झालेलें भारतीय हवामान खातें उपग्रह व रडार यांच्या साहाय्यानें तोच शोध घेतें.

या शोधाचें मोल ओडिशाच्या किनाऱ्यानें जाणलें आहे. २९ ऑक्टोबर १९९९ रोजीं तेथें आलेल्या वादळांत सुमारें दहा हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्या वादळाच्या मध्यावरील दाब ९१२ मिलिबारपर्यंत उतरला होता, एरव्हीं तो सुमारें १०१३ असतो. १२ ऑक्टोबर २०१३ रोजीं त्याच किनाऱ्यावर ‘फायलिन’ हें प्रचंड वादळ आलें. परंतु सूचना वेळीं मिळाली, सुमारें दहा लाख लोकांस अगोदरच सुरक्षित ठिकाणीं नेलें, आणि मृतांची संख्या शंभरापर्यंतही पोंचली नाहीं. वारा तोच, समुद्र तोच. माणसें मात्र या वेळीं सावध होतीं.

तो विद्यार्थी थोडा वेळ गप्प राहिला व म्हणाला, “बावटा लागला म्हणजे होडी काढूं नका, असें मी बाबांना सांगेन. पण त्या दिवशीं घरांत पैसा येत नाहीं, सर.” हें दुःख खरें आहे, आणि पालक तें आम्हांपेक्षां अधिक जाणतात. तरीही आमची त्यांस विनंती आहे, कीं बंदराचा बावटा म्हणजे कोणा अंमलदाराची लहर नव्हे. दूर कोठें तरी पारा उतरल्याची ती खूण आहे. बुडालेला दिवस पुन्हां भरून काढितां येतो, माणूस नाहीं. आणि मुलांनो, वाऱ्याचा नियम ज्यास कळला, त्यानें तो घरीं जाऊन सांगितलाच पाहिजे. आपल्या माणसांस वाऱ्यावर सोडूं नये.