रेवसच्या धक्क्यावर पाळकसाहेबांशी

आमची मंडळी छोटी, अलिबाग तालुक्यात विखुरलेली. प्रभुभोजनासाठी पाळकसाहेब भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला येतात. त्यांना आणायला जाणं हा आमच्या घराचा मान. बाबा पुढे होऊन त्यांची पिशवी घ्यायचे; बाबांच्या माघारी ती मी घेते. आपल्या आत्म्यांसाठी ज्याला देवापुढे जाब द्यायचा आहे, त्याचं हातातलं ओझं तरी आपण उचलावं, असं बाबा म्हणत. इब्री 13:17 त्यांना पाठ होतं.

एका प्रार्थनासभेत मी शास्त्रभाग समजावून सांगितला. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, पुरुष बसलेले असताना तुम्ही वचन सांगू नका. गाणी घ्या, प्रार्थना करा." मी सर्वांदेखत "बरं, साहेब" म्हटलं. ते भीतीपोटी नव्हतं. भरल्या सभेत पाळकाशी वाद घालून मंडळीत दोन तट पाडणं मला मान्य नाही.

रात्री मात्र पंडिता रमाबाई मनातून हलेनात. 1883 साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमला असताना त्यांनी पुरुषांना शिकवण्याचा विषय निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात हा सगळा झगडा आहे. आज्ञापालनाचा आग्रह धरणाऱ्या त्या सिस्टरना रमाबाई पत्रांत 'आजीबाई' म्हणत, आणि आपली सद्सद्विवेकबुद्धी मात्र कुणाच्या हवाली करत नसत. माया आणि नकार एकाच पत्रात! नम्रतेचा याहून खरा धडा मला कुठल्याही उपदेशातून मिळालेला नाही.

सकाळी रेवसला ओहोटी होती, परतीची लाँच यायची होती. धक्क्यावर मी पाळकसाहेबांपाशी विषय काढला. मंडळीच्या वडिलांनी कळपावर हुकमत गाजवू नये, हे पेत्राच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे, आणि अपुल्लोला देवाचा मार्ग नीट समजावून देणाऱ्यांत प्रिस्किल्ला होती, हे प्रेषितांची कृत्ये 18:26 मध्ये. त्यांनी तीमथ्याच्या पत्राचा आधार दिला. पण पिशवीतून शास्त्र काढून मी सांगितलेलं वचनही वाचलं, दोनदा वाचलं. "मंडळीच्या पंचांपुढे ठेवतो," म्हणाले.

निर्णय अजून झालेला नाही. प्रार्थनासभेत मी वचन सांगत नाही. बायकांच्या सभेत सांगते, तेही पाळकसाहेबांना विचारूनच. रोजच्या प्रार्थनेत त्यांचं नाव घेते. आणि लाँच लागली, की पिशवी हातात घेता घेता विचारते, "साहेब, पंच काय म्हणाले?"