ऐकू येणारा फळा

मी जन्मापासून अंध आहे आणि गेली बरीच वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. वर्गातल्या तंत्रज्ञानाबद्दल बोलायला मला अधूनमधून बोलावतात. मी संगणकाचे आणि मोबाइलचे आभार मानावेत अशी बोलावणाऱ्यांची अपेक्षा असते. ते मी मनापासून मानतो, पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. या तंत्रज्ञानाने पुस्तक माझ्या हाती दिलं आणि त्याच काळात फळा माझ्यापासून लांब नेला.

माझं दहावीपर्यंतचं शिक्षण अंधशाळेत झालं. तिथे ब्रेल पाटी आणि स्टायलस. जाड कागद पाटीत अडकवायचा आणि उजवीकडून डावीकडे टोचत जायचं, म्हणजे कागद उलटला की उठलेली टिंबं डावीकडून उजवीकडे वाचता येतात. सहा टिंबांच्या घरात अख्खी मराठी बसते. ऱ्हस्व इ म्हणजे दुसरं आणि चौथं टिंब, दीर्घ ई म्हणजे तिसरं आणि पाचवं. गणिताला टेलर फ्रेम होती. अष्टकोनी भोकांच्या पाटीत धातूचे ठसे बसवायचे. ठशाची दिशा फिरवली की अंक बदलतो. शाळेतली ब्रेल पुस्तकं जाडजूड असायची, एकेका विषयाचे कितीतरी खंड. त्या पाटीने मला ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरं, पूर्णविराम सगळं बोटांतून दिलं. याकडे मला पुढे परत यायचं आहे.

अकरावीला मी साध्या महाविद्यालयात आलो. वर्गात ऐंशीच्या आसपास मुलं, समोर काळा फळा. अर्थशास्त्राचे सर एक गोष्ट न सांगता करायचे: लिहितील ते बोलायचे. ‘मागणी वाढली, आडव्या अक्षावर आपण उजवीकडे सरकलो, आता रेषा वर जातेय.’ खडूच्या आवाजावरून रेषा किती लांब ओढली याचाही अंदाज यायचा. सरांनी हे माझ्यासाठी सुरू केलेलं नव्हतं, त्यांची ती सवयच होती. तरीही त्या तासाला मी वर्गातल्या कुणापेक्षाही मागे नव्हतो.

मागे पडायचो ते घरी आल्यावर. ब्रेलमध्ये अकरावीची पुस्तकं मिळत नव्हती. आमच्या शेजारी बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू राहायच्या. त्या दुपारी धडे मोठ्याने वाचून कॅसेटवर भरून द्यायच्या. त्या आवाजाचं ऋण माझ्यावर आहे. पण कॅसेटमध्ये हवं ते वाक्य शोधायचं म्हणजे पट्टी मागे-पुढे पळवत बसायचं. शब्द कसा लिहिलाय ते कळत नाही, परिच्छेद कुठे संपला तेही नाही.

परीक्षेला लेखनिक. तो माझ्यापेक्षा खालच्या इयत्तेतला हवा. एकदा ऐन पेपरच्या सकाळी माझा लेखनिक तापाने फणफणला. आईने गल्लीतल्या नववीच्या मुलीला झोपेतून उठवून आणलं, केंद्रसंचालकांनी परवानगी दिली आणि त्या बिचारीने आयुष्यात पहिल्यांदा ‘सार्वभौमत्व’ हा शब्द लिहिला. कसा लिहिला ते मला आजही माहीत नाही. तीन तास आणि वरचा जादा वेळ मी बोलत राहिलो, आणि माझ्या नावावरच्या त्या उत्तरपत्रिकेतलं एकही अक्षर मला तपासता आलं नाही. गुण चांगले मिळाले. तरी ती अस्वस्थता गेली नाही.

पदवीच्या काळात माझ्या हाती एनव्हीडीए आलं. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी ही प्रणाली मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये लिहायला घेतली आणि जेम्स टेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला. त्याआधी अशा प्रणाली बाजारात होत्या, पण त्यांच्या किमती माझ्या घरच्या आवाक्यातल्या नव्हत्या. ही मोफत होती, आजही आहे. ज्यांना गरज होती त्यांनीच ती बनवली आणि सगळ्यांसाठी खुली ठेवली, याचं मोल मला कोणत्याही महागड्या यंत्रापेक्षा जास्त वाटतं.

मराठी आवाज यांत्रिक होता, जोडाक्षरांवर अडखळणारा. पण त्या आवाजात मराठी विश्वकोशाचं संकेतस्थळ वाचता यायला लागलं, तो दिवस मी विसरणार नाही. मी आधी अजिंठ्यावरचा लेख उघडला. शाळेच्या सहलीत आम्ही तिथे गेलो होतो. थोडंफार दिसणारे सोबती भिंतींपाशी खोळंबले होते आणि मी लेण्याच्या गारव्यात एका खांबाला हात लावून उभा होतो. मार्गदर्शक घाईत काय बोलला ते घुमणाऱ्या आवाजात विरून गेलं. आता तोच विषय माझ्यासमोर होता आणि घाई करणारं कुणी नव्हतं. मी एक ओळ वाचली, परत वाचली. एका शब्दाशी थांबलो, तो अक्षर अक्षर फोडून ऐकला, मग पुढे गेलो. वाचून दाखवणारं माणूस कितीही प्रेमाचं असलं तरी ‘पुन्हा एकदा वाचता का?’ हे तिसऱ्यांदा म्हणताना जीभ अडखळते. इथे मी दहा वेळा मागे गेलो तरी कुणाला त्रास नव्हता. कंटाळा आलेला भाग मी सोडूनही दिला. नको ते न वाचण्याचं स्वातंत्र्यही त्या दिवशी कळलं.

कायदेही सुधारले. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट असलेलं पुस्तक अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा रूपात करून देण्याची मुभा मिळाली. अंधांसाठीच्या पुस्तकांबाबतचा माराकेश करार २०१३ चा. त्याला पुढच्याच वर्षी मान्यता देणारा भारत हा पहिला देश होता. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं.

एवढं सगळं असूनही एखादी मराठी फाइल माझ्यापर्यंत पोचेल की नाही, हे ती टाइप करणाऱ्याच्या हातात असतं. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक आहे. ‘क’ कुठल्याही यंत्रावर ‘क’च राहतो. जुन्या फॉन्टमध्ये मात्र पडद्यामागे इंग्रजी अक्षरंच असतात, त्यांना फक्त मराठी वळण दिलेलं असतं. डोळ्याला ‘लोकशाही’ दिसते. माझ्या संगणकाला तिथे इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम सापडतात आणि तो तेच वाचत सुटतो. एका कार्यशाळेत वाटलेलं पंचाहत्तर पानांचं सुंदर सजवलेलं टिपण मला असंच ऐकू आलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एक शब्द लागला नाही. तेच टिपण युनिकोडमध्ये टाइप केलं असतं तर एक पैसाही जास्त लागला नसता.

दुसरा अडथळा फोटोचा. सूचना टाइप करायची, छापायची, त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि तो ग्रुपवर टाकायचा. माझा फोन त्याला ‘फोटो’ म्हणतो आणि गप्प बसतो. छापील मराठी ओळखणारी ॲप आता चांगली आली आहेत, त्यामुळे थोड्या खटपटीने काम भागतं. हस्ताक्षर मात्र अजून नीट लागत नाही. म्हणून मी चाचण्या तोंडी घेतो किंवा मुलांना उत्तरं टाइप करून पाठवायला सांगतो.

आणि फळा. आमच्याकडे मोठा टच पॅनल आला तेव्हा सगळ्यांबरोबर मलाही आनंद झाला. एका सहकाऱ्याच्या तासाला मी मागे जाऊन बसलो. ते उत्तम शिक्षक आहेत, माझे मित्र आहेत. पण त्या तासाला मला ऐकू आलं ते असं: ‘हे बघा. आता याचा याच्याशी संबंध बघा. आणि इथून हे इकडे येतं. कळलं?’ मुलं ‘हो सर’ म्हणाली. पूर्वी हातात खडू होता तेव्हा लिहायला वेळ लागायचा, आणि तो वेळ बोलून भरला जायचा. तयार पीपीटीत लिहिणंच उरलं नाही, त्याबरोबर बोलणंही गेलं. नुकसान एकट्या माझं होत नाही, असं मला ठामपणे वाटतं. मागच्या बाकावर मान खाली घालून बसलेल्या, पडद्यावरचं बारीक अक्षर न दिसणाऱ्या, क्षणभर लक्ष उडालेल्या प्रत्येक मुलाचं होतं. नजर हटली की त्यांच्यासाठीही तो तास बंद पडतो.

माझ्या वर्गात म्हणून एक नियम आहे: पडद्यावर जे येईल ते मोठ्याने सांगितलं गेलं पाहिजे, आणि ते मुलांनी सांगायचं. पीपीटी मी स्वतः करतो, पण तिथे नेमकं काय दिसतंय हे वर्गाकडून ऐकतो. सुरुवातीला मुलं नुसतं शीर्षक वाचून थांबतात. मग मी विचारत जातो. रंग कोणते? सगळ्यात मोठं काय? कोपऱ्यात काय आहे? एकदा महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ मतदारसंघांचा नकाशा होता. सांगणारी मुलगी थबकून म्हणाली, ‘सर, मुंबईत मतदारसंघ इतके बारीक आहेत की एकमेकांत मिसळलेत. आणि खाली उजवीकडे गडचिरोलीतला एकच अख्ख्या मुंबईपेक्षा मोठा दिसतोय. असं कसं?’ मुंबईत ३६ जागा, गडचिरोली जिल्ह्यात ३. मी काही बोलायच्या आत दुसरा म्हणाला, ‘जमिनीवर नाही, माणसांवर ठरतं.’ तिसऱ्याने विचारलं, मग तिथल्या आमदाराला एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला किती वेळ लागत असेल? लोकसंख्येनुसार प्रतिनिधित्व हा धडा पुढचा पूर्ण तास वर्गानेच घेतला. नकाशा नुसता दाखवला असता तर ‘हो सर’ म्हणून तो पुढे सरकला असता.

२०२० मध्ये वर्ग ऑनलाइन गेले तेव्हा बहुतेक मुलांचे कॅमेरे बंद असायचे. मुलांचे चेहरे दिसत नाहीत, कसं शिकवायचं, म्हणून सहकारी हवालदिल झाले होते. मला मुलं आवाजावरूनच माहीत होती. कुणाच्या घरात मागे कुकर वाजतोय, कोण शेतातून बोलतंय, कुणाचा आवाज गेला आठवडाभर बसलाय, हे मला कळायचं आणि मी विचारायचो. काही सहकाऱ्यांनी तेव्हा माझ्याकडून नावं घेऊन बोलतं करायची पद्धत उचलली.

आता ब्रेलकडे येतो. सध्या माझ्याकडे बारावीला एक अंध विद्यार्थिनी आहे. ती साध्या शाळेतून आली, सगळं शिक्षण मोबाइलवर ऐकून झालेलं. तिचा फोन इतक्या वेगाने बोलतो की मलाही तो पकडता येत नाही. हुशार आहे, भरपूर वाचलेलं आहे. पण वाचलेलं म्हणजे ऐकलेलं. अकरावीत आली तेव्हा ‘निती’ की ‘नीती’ हे तिला सांगता येत नव्हतं, कारण बोलणाऱ्या आवाजात तो फरक जवळजवळ ऐकूच येत नाही. बोलून टाइप करायची तिला सवय होती, आणि यंत्राने काय लिहिलं यावर विश्वास ठेवण्यावाचून इलाज नव्हता. माझ्या लेखनिकाच्या जागी यंत्र आलं होतं, एवढाच फरक. मोबाइल आहे तर ब्रेल कशाला, असं अनेक पालक आणि काही शिक्षकही म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. डोळस मुलाला ऑडिओबुक मिळालं म्हणून आपण त्याला अक्षरओळख शिकवायचं थांबवत नाही.

एका संस्थेकडून आम्ही वीस घरांचा ब्रेल डिस्प्ले मिळवला. तो फोनला जोडला की पडद्यावरचा मजकूर बोटांखाली टिंबांच्या रूपात वर येतो, ओळ संपली की टिंबं खाली बसतात आणि पुढचा तुकडा येतो. सतराव्या वर्षी बोटांना वळण लावणं सोपं नाही. पहिले काही महिने ती चिडायची, ‘सर, ऐकून हे पाच सेकंदांत झालं असतं.’ मी तिला रोज एकच परिच्छेद द्यायचो, तिच्याच निबंधातला, तिच्याच चुकांसकट. आता ती स्वतःच्या वेलांट्या स्वतः पकडते आणि माझ्या टिपणांतल्याही.

बारावीच्या परीक्षेला लेखनिकाऐवजी संगणकावर स्वतः लिहू द्यावं, असा अर्ज तिने केला आहे. युनिकोडमध्ये टाइप केला, डिस्प्लेवर ओळ न् ओळ तपासला आणि मगच मला पाठवला. उत्तर यायचं आहे. तोवर आम्ही जुन्या प्रश्नपत्रिका संगणकावर सोडवतोय, आणि नकाशे-आलेखांच्या प्रश्नांचं काय करायचं ते भूगोलाच्या मॅडमबरोबर बसून ठरवतोय.