वूस्टरचं देणं

संधिवाताने मला पहिल्यांदा गाठलं ते बोटांत. सकाळी उठल्यावर मूठ मिटत नसे, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरावा लागे आणि अंग मोकळं व्हायला दुपार उजाडे. मॅसॅच्युसेट्सच्या थंडीचा हा प्रताप असेल असं घरात सगळ्यांनीच धरलं. मग मनगटं सुजली, मग पावलांचे चवडे. रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हे नाव हाती आलं. शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, अस्तर सुजतं, आणि वेळेत आवर घातला नाही तर हाडं झिजत जातात. आजार जात नाही, आटोक्यात ठेवता येतो. बायकांना तो पुरुषांपेक्षा दोन-तीन पट अधिक होतो. डॉक्टरीणबाईंनी हे सगळं शांतपणे समजावलं. मी मान डोलावत राहिले आणि गाडीत बसल्यावर मला एकच गोष्ट आठवत होती, की हे आता आयुष्यभर आहे.

त्या आजाराची कहाणी सांगायला मी बसलेली नाही. आज मी लिहिते आहे, हसते आहे, नव्याने एखाद्या गोष्टीची आस धरते आहे, ते ज्यांच्यामुळे, त्यांचं देणं मला नोंदवायचं आहे. त्यातल्या काहींना मी कधी पाहिलेलं नाही. एक तर माझ्या जन्माआधीच गेले.

त्यांचं नाव यल्लाप्रगड सुब्बाराव. आंध्रातल्या भीमवरमचा, १८९५ सालचा जन्म. घरात स्प्रू नावाच्या आतड्याच्या आजाराने भाऊ दगावलेले, स्वतःही त्याच आजारातून जेमतेम वाचलेले. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ते बॉस्टनला आले, हार्वर्डमध्ये शिकण्यासाठी. भारतातली डॉक्टरकीची पदवी इथे चालेना, म्हणून पोटासाठी पीटर बेंट ब्रिगहॅम इस्पितळात रात्रपाळीचे हमाल झाले. रुग्णांची भांडी धुवायची आणि दिवसा प्रयोगशाळेत उभं राहायचं. सायरस फिस्क यांच्याबरोबर त्यांनी रक्तातला फॉस्फरस मोजायची जी पद्धत बसवली, ती आजही त्या दोघांच्या नावाने ओळखली जाते. तरी हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. १९४० मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातल्या पर्ल रिव्हरला लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे त्यांच्या चमूने फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या बनवलं आणि पाठोपाठ त्याच फॉलिक ॲसिडची वाट अडवणारी द्रव्यंही बनवली. त्यातलं अमिनॉप्टेरिन बॉस्टनला सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना दिलं आणि ती मुलं काही काळ तरी सावरली. हे छापून आलं १९४८ च्या जूनमध्ये. त्याच ऑगस्टमध्ये सुब्बाराव झोपेत गेले, त्रेपन्नाव्या वर्षी. भारतात ठेवून आलेल्या पत्नीला ते पुन्हा भेटले नाहीत.

अमिनॉप्टेरिनचं धाकटं भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. संधिवातावर ते खरोखर चालतं हे दाखवणाऱ्या महत्त्वाच्या चाचण्यांपैकी एक मायकेल वाइनब्लाट यांनी बॉस्टनला केली, ती १९८५ मध्ये छापून आली. ज्या इस्पितळात केली, ते त्याच ब्रिगहॅमचं आजचं रूप. १९८८ मध्ये अमेरिकी सरकारने या आजारासाठी ते मंजूर केलं. मी आठवड्यातून एकदा त्याच्या पिवळ्या गोळ्या घेते, आणि त्यांनी तोंड येऊ नये, मळमळू नये म्हणून फॉलिक ॲसिडही घेते. औषध आणि त्याचा उतारा, दोन्ही एकाच प्रयोगशाळेतून आलेले. ज्या शहरात सुब्बारावांनी भांडी धुतली त्या शहरापासून तासाभरावर मी राहते. त्यांच्या नावाची पाटी मला इथे कुठे दिसली नाही. घरी मात्र देवासमोर दिवा लावताना मी त्यांचं नाव घेते.

गोळ्यांनी हळूहळू गुण दिला. सूज उतरली, पण जीव थाऱ्यावर येईना. हे कुणाला सांगायची सोयच नव्हती, कारण रिपोर्ट चांगले येत होते. डॉक्टरांनी सुचवलेलं एक इंजेक्शन विमा कंपनीने नाकारलं होतं. त्याचे कागद, फोन, पुन्हा कागद. मुलीची शाळा, नवऱ्याच्या नोकरीवर टांगलेला व्हिसा, नाशिकला एकटी आई. यातलं एकेक वेगळं पेलता आलं असतं. सगळं एकदम अंगावर आलं की दुकानातल्या रांगेतही भडभडून यायचं, आणि लोक बघतात म्हणून आणखी जीव घाबरा व्हायचा. रात्री कळ मारली की मन तिथे थांबत नसे. उद्या डबा कसा होणार, पाच वर्षांनी चालता येईल का, आईला शेवटी कोण बघणार, असं ते धावत सुटे. आजाराइतकाच थकवा मला या धावण्याने येत होता.

फोनवर हळद, मेथी, एरंडेल सुचवणारे पुष्कळ होते. प्रेमानेच सुचवत. पण प्रत्येक उपायाबरोबर, मी अजून पुरेसं केलेलं नाही, असा एक धोंडा छातीवर येऊन पडे.

अशात शूजबरीच्या काकू आल्या. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ओझरती ओळख झालेली, एवढंच. सत्तरच्या दशकात इथे आलेल्या, इस्पितळाच्या प्रयोगशाळेत सगळी नोकरी केलेल्या. त्यांनी मला एकही उपाय सांगितला नाही. माझ्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या, वरच्या फळीवरचे डबे खाली कमरेच्या उंचीला आणले, आणि मग एकेक डबा, एकेक बरणी हातात घेऊन झाकण फिरवून सैल केलं. पोह्यांचा डबा, लोणच्याची बरणी, तुपाची, मीठ-मसाल्यांच्या बाटल्या. सगळं होईपर्यंत काही बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "घट्ट लावायचीच नाहीत. मुंग्या आल्या तर येऊ देत. नवऱ्यालाही सांगून ठेव." त्यानंतर दर आठवड्याला त्या कणीक मळून आणत. "मळायला बोटं लागतात, लाटायला तळहात पुरतात. लाटणं तुझं," असं म्हणत. सगळ्याच पोळ्या त्यांनी करून आणल्या असत्या तर मला ते सोसलं नसतं. माझ्या वाट्याचं काम माझ्याकडे ठेवायचं शहाणपण त्यांच्याकडे होतं, आणि ते मला मदतीहूनही मोठं वाटतं.

त्यांनीच मला ध्यानाच्या एका वर्गाचं सांगितलं. "आमच्या इस्पितळात एक माणूस होता," त्या म्हणाल्या, "दुखणाऱ्या लोकांना जमिनीवर निजवून श्वास बघायला शिकवायचा. आम्ही आधी हसायचो. मग आमचेच डॉक्टर पेशंट पाठवायला लागले."

तो माणूस जॉन कबाट-झिन. एमआयटीत रेणुजीवशास्त्रात डॉक्टरेट केलेला. १९७९ मध्ये वूस्टरच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात त्याने स्ट्रेस रिडक्शन क्लिनिक सुरू केलं. त्याला हवे होते ते असे रुग्ण, ज्यांच्यापुढे वैद्यकाने हात टेकले आहेत. जुनी पाठदुखी, डोकेदुखी, कॅन्सर. धर्माचं नाव नाही, गंडा-दोरा नाही, गुरू नाही. आठ आठवडे वर्ग आणि रोज घरी सराव. तीच शिकवण पुढे जगभरच्या इस्पितळांत गेली.

आमचा वर्ग घेणाऱ्या बाई निवृत्त नर्स होत्या. पाठ मोडलेले एक ट्रकचालक होते, कॅन्सरमधून उठलेली एक शिक्षिका होती, मी होते. पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या तळहातावर एक मनुका ठेवली आणि ती बघत, हुंगत, सावकाश खायला सांगितली. मग जमिनीवर उताणं निजून डाव्या पायाच्या बोटांपासून एकेका अवयवाकडे लक्ष न्यायचं. मनगटापाशी आले की माझं लक्ष उडी मारून पुढे जाई. बाईंनी विचारलं, "तिथे दुखतं म्हणजे काय काय होतं?" मी पहिल्यांदाच नीट बघितलं. ऊब होती. ठोके होते. एक ताणलेली कड होती, ती वाढे आणि ओसरे. एवढंच मनगटात होतं. डबा, व्हिसा, आई, पाच वर्षांनंतरचं चालणं, हे त्यात कुठेच नव्हतं. ते मनाने वर रचलेलं होतं. त्या सगळ्या काळज्या खऱ्याच होत्या, पण रात्री दोन वाजता मनगटातून त्यांचा निकाल लागणार नव्हता.

ट्रकचालक एकदा म्हणाले, "पाठ तशीच दुखते. पण पूर्वी मी सगळाच्या सगळा पाठ होतो. आता माझ्याकडे हात आहेत, नातवंडं आहेत, आणि एक दुखरी पाठ आहे." मला जे झालं ते याहून चांगलं मला सांगता येत नाही.

आणि मग कळलं की ही वाट माझ्याच माहेराजवळही पोचलेली आहे. वूस्टरजवळ बॅरी गावी १९७५ मध्ये काही अमेरिकी तरुणांनी ध्यानकेंद्र स्थापन केलं. कबाट-झिन ध्यानशिबिरांना बसला ते तिथे. त्या तरुणांपैकी जोसेफ गोल्डस्टीन आणि शॅरन साल्झबर्ग बोधगयेत सत्यनारायण गोयंकांकडे शिकले होते. गोयंका ब्रह्मदेशातल्या मंडालेचे, मोठे व्यापारी. अर्धशिशीने इतके पिडलेले, की मॉर्फिन घ्यावं लागे. त्या दुखण्यापायीच ते १९५५ मध्ये सयाजी ऊ बा खिन या ध्यानगुरूंकडे गेले. नुसती डोकेदुखी घालवायला आला असशील तर शिकवणार नाही, असं गुरूंनी त्यांना आधी बजावलं. १९६९ मध्ये ते भारतात आले आणि पुढे इगतपुरीला धम्मगिरी हे त्यांचं ध्यानकेंद्र उभं राहिलं. लहानपणी मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाट चढून गाडी इगतपुरीला थांबली की वडील त्या डोंगराकडे बोट दाखवत. मला तेव्हा फक्त फलाटावरच्या वड्यांमध्ये रस होता. मंडालेच्या एका माणसाचं दुखणं बोधगया, बॅरी असं फिरून माझ्या मनगटापर्यंत आलं, हे आठवलं की मला एकटं वाटत नाही.

आजार आहे. थंडीत बोटं आखडतात, दर काही महिन्यांनी यकृतासाठी रक्त तपासतात, ते इंजेक्शनही अखेर मंजूर झालं आहे आणि फ्रिजमध्ये दुधाशेजारी असतं. ध्यानाने गोळ्या सुटत नाहीत. कुणी तसं सांगितलं तर ऐकू नका. पण मी पुन्हा पेटी वाजवते, सावकाश लयीतली गाणी निवडून. मुलीला माझा राग कमी भोगावा लागतो. रांगेत रडू आलं तर मी रडते आणि पुढे सरकते.

काकूंना मी विचारलं होतं, तुमचं कसं फेडू? "मला कशाला? दुसरीचं कर," म्हणाल्या. मला कणीक मळता येत नाही. पण विमा कंपनीच्या नकाराविरुद्ध अपील कसं करायचं हे मला तोंडपाठ आहे. मंडळातल्या कुणाला असं दुखणं निघालं की मी तिच्या घरी जाते, स्पीकरवर फोन लावते आणि ताटकळत तिच्या शेजारी बसून राहते.

तुम्ही स्वतः अशा जुन्या आजारात असाल तर एवढं करा. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांध्यांबरोबर झोपेबद्दल, रडण्याबद्दल, जीव घाबरा होण्याबद्दलही सांगा. रिपोर्ट चांगले असले तरी सांगा. आणि रात्र फारच जड झाली तर सकाळची वाट बघू नका. अमेरिकेत ९८८ आणि भारतात टेली-मानसचा १४४१६, हे मानसिक आधाराचे दोन्ही नंबर रात्रंदिवस चालू असतात, आणि १४४१६ वर मराठीत बोलता येतं.