तिरफळाची सोयरीक

चौतीस वर्षं बँकेत काढली. संध्याकाळी हिशेब जुळला नाही तर मला घास उतरत नसे. घरात मात्र एक खातं कित्येक वर्षं न जुळता पडून होतं. ऐन कोविडात मुलाने सिंगापुरात रजिस्टर लग्न केलं. सून चिनी. लग्न आम्ही मोबाइलवर पाहिलं. त्यानंतर सौ.ने फोनवर "बरी आहेस ना?" यापुढे तिच्याशी विषय वाढवला नाही.

गेल्या डिसेंबरात दोघं पहिल्यांदा तेरेखोलला आली. केरीहून फेरीबोटीत बसल्यावर सुनेने नकाशा पाहून विचारलं, "नदीपलीकडे तर महाराष्ट्र दिसतोय?" म्हटलं, "1746 साली पोर्तुगीजांनी सावंतवाडीकर भोसल्यांकडून किल्ला घेतला. तेव्हापासून आम्ही पलीकडे असूनही गोव्याचेच." ती हसून म्हणाली, "म्हणजे माझ्यासारखं."

दुसऱ्या दिवशी मी सव्वा किलोचा चोणक आणला. मुंबईकर ज्याला जिताडा म्हणतात, तोच. सून खूश, कारण हा मासा तिकडेही घरोघरी खातात. म्हणाली, आज मी करते, पण अख्खा. त्यांच्यात डोक्यापासून शेपटीपर्यंत मासा ताटात आला म्हणजे आरंभापासून शेवटापर्यंत सगळं नीट पार पडतं. आमच्याकडे डोकं हुमणाला आणि तुकड्या तळायला. सौ. गप्प राहिली. तिचं गप्प राहणं मी पन्नास वर्षं ओळखतो.

तिकडे मासा वाफवतात, पण एवढं लांब भांडं घरात नव्हतं. म्हणून नानकटाईपुरता वापरलेला ओव्हन काढला. सोया सॉस आणि तिळाचं तेल तिने आणलं होतं, पण एक मसाला विसरली होती. त्याच्या बदली काही मिळेल का म्हणून फडताळातल्या बरण्या हुंगताना ती एकदम ओरडली, "ह्वाज्याव!"

सौ. धावली. "ह्यां तर आमचां तिरफळ गो!"

सिचुआन मिरी आणि आपलं तिरफळ एकाच कुळातली, लिंबाच्या जातीची काटेरी झाडं. आपण बांगड्याच्या आमटीत घालतो, ते तिकडे अख्ख्या माशावर. दोघीही काळी बी टाकून सालच वापरतात, हे पाहून सौ.ला फार आश्चर्य वाटलं. दोघी शेजारी बसून तिरफळं निवडू लागल्या.

कृती सोपी आहे. मासा खवले काढून, पोट साफ करून घ्यावा. दोन्ही बाजूंना तीन-तीन चिरा द्याव्यात. आठ-दहा तिरफळं जराशी भाजून भरड कुटावीत. दोन चमचे सोया सॉस, चमचाभर तिळाचं तेल, लसूण आणि तिरफळं चोळावीत. सोया खारट असतो, म्हणून मीठ बेतानेच. पोटात आल्याच्या काड्या, कोथिंबिरीचे देठ आणि परसातली गवती चहाची पात. केळीचं पान विस्तवावर शेकून घेतलं की फाटत नाही. त्यात गुंडाळून 200 अंशांवर अर्धा तास. काट्याजवळ सुरी घालून पाहावी, मांस पांढरं होऊन सुटलं की झालं.

पण शेपटी ओव्हनात मावेना. मी म्हटलं, कापून टाका. सुनेचा चेहरा उतरला. तेव्हा सौ.ने मला बाजूला सारलं, मासा तिरका ठेवला, शेपटी हळूच वळवली आणि दार लावलं. "अख्खोच जांवचो," एवढंच बोलली.

जेवताना सगळे गप्प. पहिला घास खाऊन सौ. सुनेकडे वळली आणि मुलाला मध्ये न घेता सरळ आपल्या भाषेत म्हणाली, "मीठ कमी पडलां गो." सून उठली आणि मिठाची बरणी घेऊन आली. तिला कोणी अर्थ सांगितला नव्हता.

माझं खातं त्या दिवशी जुळलं.

तुमच्या घरी तिरफळ आणखी कशात घालतात, जरूर लिहा. सौ.ला सुनेला कळवायचं आहे.