नाव मोठं, बाइक छोटी

मोठ्या ब्रँडची सगळ्यात लहान बाइक घेणारा फक्त टाकीवरच्या नावाचे पैसे मोजतो, असं आमच्या ऑफिसातली मंडळी म्हणतात. असेलही! पण मला विचाराल तर खरी गंमत वजनात आहे.

२०१३ साली आपल्याकडे आलेली केटीएमची ३९० ड्यूक घ्या. कंपनी ऑस्ट्रियाची, पण बाइक बनते आपल्या चाकणला, बजाजच्या कारखान्यात. ३७३ सीसीचं एकच सिलिंडर, त्रेचाळीसच्या आसपास हॉर्सपॉवर आणि वजन जेमतेम दीडशे किलो. हजार सीसीची सुपरबाइक दोनशे किलोची, दोनशे हॉर्सपॉवरची. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये त्यातले किती घोडे पळणार राव? छोटीला मात्र ताम्हिणीत मनसोक्त पिळता येतं, गियर सतत बदलावे लागतात, आणि वळणावर ती पटकन झुकते. आपण चालवतोय असं वाटतं, आपल्याला कोणी ओढत नेतंय असं नाही.

अर्थात त्रेचाळीस घोडे म्हणजे खेळणं नव्हे. इकडे घराचा हप्ता चालू, आणि मी परत येईपर्यंत आई जागी. दोन्हीला झेपेल एवढाच वेडेपणा करायचा, तर तो दीडशे किलोचाच बरा.