मुळेकाठची वीट

मुळशी तालुक्यातल्या पौडच्या, आज साठीच्या घरात असलेल्या माणसाचं बालपण बहुधा विटेच्या घरात गेलेलं नसतं. मुळशी खोऱ्यातलं जुनं घर म्हणजे दगडमातीच्या भिंती, आत कुडाचा आडोसा आणि वर कौलं. काळा दगड पायाखालीच होता, त्यामुळे वीट विकत आणायची गरज कुणाला पडत नसे. एवढी वीट एका ठिकाणी पहिल्यांदा दिसायची ती शाळेच्या सहलीत, शनिवारवाड्याच्या तटाला. १७३२ मध्ये वास्तुशांत झालेल्या त्या वाड्याचा तट खाली दगडी आणि वर विटांचा आहे.

पुढे वीट गावात आली ती स्लॅबच्या घराबरोबर. मुळशी तालुक्यातच हिंजवडीला आयटी पार्क झालं, पिरंगुटला कारखाने आले आणि चांदणी चौकातून निघालेली बांधकामं भूगाव, भुकूम करत पौडच्या दिशेने सरकत राहिली. चार इंची वीट आणि सहा इंची वीट हे शब्द घराघरांत रुळले. ज्याच्या वडिलांनी भाताखेरीज काही पिकवलं नाही, त्या मुलाच्या मनात भट्टी घालण्याचा विचार याच दिवसांत आला. मुळा नदीकाठची गाळाची माती घरची, गिरणीवर भाताचं तूस मिळतं, रस्ता शेताला लागून आणि गिऱ्हाईक दारात. धंद्याला आणखी काय हवं, असं कुणालाही वाटेल.

मातीचा हिशेब मात्र बसून करावा लागतो. जुन्या मापाची वीट २३ सेंटिमीटर लांब, ११ रुंद आणि ७ जाड असते. अशा एक लाख विटांमध्ये सुमारे १७७ घनमीटर माती जाते. शेतातली फूटभर माती काढायची म्हटली, तर जवळजवळ सहा गुंठ्यांचा वरचा थर उचलावा लागतो. वाळताना आणि भाजताना वीट आकसते, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून थोडा जास्तच. मुळशीत आंबेमोहोर आणि इंद्रायणी तांदूळ पिकतो तो याच थरावर. नदीचा गाळ साचून झालेली ही माती एका हंगामात निघते, परत मात्र एका पिढीत साचत नाही. भट्टी घालणाऱ्याने तहसीलदाराकडे ब्रासवर स्वामित्वधन भरलं की सरकारचा हिशेब मिटतो. शेताचा मिटत नाही. घरच्या मातीला किंमत नसते, हा समज या धंद्यात सगळ्यात महाग पडतो.

दुसरा हिशेब पावसाचा. पौडच्या पश्चिमेला ताम्हिणी घाट आहे आणि जुलै २०२४ मध्ये तिथे चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अशा मुलखात उघड्यावर थापलेली वीट दिवाळीनंतरच उभी राहते आणि वळवाच्या आधी भट्टीत जावी लागते. संध्याकाळी माती भिजवायची, तीत राख आणि तूस कालवायचं, पायांनी तुडवून गारा करायचा. पहाटे अंधारातच थापणी सुरू होते. लाकडी साच्यातून वीट जमिनीवर उतरते, काही दिवस उन्हात वाळते, मग रचून, थरांमध्ये कोळसा पेरून, बाहेरून चिखलाने लिंपून भट्टी पेटवतात. आच जिथे जास्त लागते तिथली वीट वितळून खंगर होते, कडेची कच्ची राहते. फेब्रुवारी-मार्चमधली एक अवकाळी सर उघड्यावरच्या हजारो विटांचा पुन्हा चिखल करते आणि त्या थापण्याची मजुरी तर लागलेलीच असते. वर्षातले सहा-सात महिने चालणारा हा धंदा बारा महिन्यांचं व्याज भरतो.

आणि तिसरा हिशेब, ज्यावर खरं तर आधी बोलायला हवं, तो हातांचा. भट्टीवर वीट थापतात ते बहुतेक कातकरी. रायगडच्या वाड्यांतून आणि मुळशीतल्याही वाड्यांतून दिवाळी झाली की ही कुटुंबं निघतात. केंद्र सरकारने महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना विशेष असुरक्षित मानलं आहे, त्यात कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर कातकरी आहेत. पावसाळ्यात चूल पेटत नाही तेव्हा भट्टीवाला किंवा मुकादम उचल देतो आणि ती हंगामभर थापून फेडायची असते. नवरा-बायको मिळून दिवसाला हजाराच्या आसपास विटा थापतात, मजुरी हजारावर ठरते. वहीत किती विटा चढल्या आणि किती उचल कापली, हे वही ठेवणाऱ्यालाच ठाऊक असतं. हंगाम संपतो, उचल संपत नाही, मग पुढच्या वर्षीही त्याच भट्टीवर यावं लागतं. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली. ठाणे जिल्ह्यात विवेक पंडित आणि श्रमजीवी संघटनेने १९८० च्या दशकापासून हा कायदा अंमलात यावा म्हणून लढे दिले. भट्टीवर कच्च्या विटा रचून, वर गवत टाकून जे खोपट उभारतात त्याला तिकडे भोंगा म्हणतात. त्याच नावाने तिथे भट्टीवरच्या मुलांसाठी भोंगा शाळा निघाल्या. आईबाप थापत असताना वाळत्या विटा उलटणाऱ्या पोराला अक्षरओळख व्हावी, इतकी साधी गरज पुरी करायला चळवळ उभी करावी लागली, हे विसरता येत नाही.

नवे नियमही आहेत. २२ फेब्रुवारी २०२२ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे नवी भट्टी वस्तीपासून आणि फळबागांपासून किमान ८०० मीटर लांब हवी. पौड परिसरात प्लॉटिंग ज्या वेगाने पसरतं आहे, त्यात एवढी मोकळी जागा शोधणं दर वर्षी अवघड होत जाणार.

म्हणून आज पौडमध्ये विटेचा छोटा धंदा सुरू करायचा तर राखेची वीट हा सरस मार्ग आहे. औष्णिक केंद्राची राख, क्रशरची कच आणि सिमेंट किंवा चुना-जिप्सम यांचं मिश्रण यंत्रात दाबलं जातं. भाजायचं काही नसतं, दोन-तीन आठवडे पाणी मारलं की वीट तयार. शेड असली तर पावसातही काम थांबत नाही, गावातल्या माणसांना घरून येऊन-जाऊन रोजगार मिळतो आणि भाताची माती शेतातच राहते. अडचण आहे ती वाहतुकीची. राख नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रातून आणायची झाली, तरी दोनशे किलोमीटरहून अधिक अंतर पडतं आणि नफा तिथेच झिजतो. वाहतुकीचा दर पक्का केल्याशिवाय यंत्राची ऑर्डर देऊ नये. भांडवलासाठी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसह विशेष गटांना ३५ टक्के अनुदान मिळतं. अर्ज जिल्हा उद्योग केंद्रातून करता येतो. कातकरी वाडीतल्या बायकांच्या गटाने असं यंत्र घेतलं, तर थापणारे हात पहिल्यांदाच मालकाचे होतील.

तोवर मातीच्या भट्ट्या चालू राहणार आणि घरंही बांधली जाणार. मुळशीत घर बांधायला काढलेल्या प्रत्येकाने ठेकेदाराला विटेचा दर विचारताना आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. या भट्टीवर हजारी किती देतात आणि तिथली मुलं हंगामात कोणत्या शाळेत जातात?