पिशवीचाही विचार

आमच्या भागात रक्तदान शिबिरं भरवणाऱ्यांचं एक ठरलेलं म्हणणं असतं: आधी रक्त मिळू दे, बाकीचं नंतर. माझंही तेच होतं. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, सिरोंच्याहून जिल्ह्याचं ठिकाण दोनशे किलोमीटरच्या आसपास. अशा ठिकाणी पिशवीच्या प्लास्टिकमधून कोणतं रसायन किती झिरपतं याची तपासणी मला मोठ्या शहरांची चैन वाटायची. सभांमधून मी तसं बोललोही आहे. आज बोलणार नाही.

मत फिरलं ते सिकलसेलच्या मुलांमुळे. चंद्रपूर-गडचिरोलीत गावोगावी हा आजार आहे. अनेकांना हायड्रॉक्सियुरियाने आराम पडतो, पण काहींना पुन्हा पुन्हा रक्त चढवावं लागतं. अशाच एका मुलाच्या खाटेशी बसलो होतो. मिसरूड फुटायच्या वयाचा, पण अंगाने अगदी बारीक. त्याच्या आईने स्टँडवरची पिशवी हळूच चाचपली आणि विचारलं, "किती नरम हाय जी हे, कायची रायते?"

मी "प्लास्टिकची" म्हणालो. ते उत्तर मलाच पुरेना, म्हणून वाचायला घेतलं.

पिशवीचं प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी, आणि ते मुळात कडक असतं. त्याला मऊ करतो डीईएचपी नावाचा तेलकट द्रव. तो प्लास्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेला नसतो. पाण्यात तो जवळजवळ विरघळत नाही, रक्तातल्या स्निग्ध घटकांत मात्र उतरतो. शीतपेटीत रक्त 35 ते 42 दिवस टिकतं, आणि तेवढे दिवस हा द्रव थोडा थोडा उतरत राहतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत नरांच्या प्रजननसंस्थेवर त्याचा परिणाम दिसला. अमेरिकेच्या एफडीएने 2002 साली सावधगिरीची सूचना काढली, त्यात नवजात मुलग्यांबरोबर वयात येणारे मुलगेही होते. ती ओळ वाचताना तोच मुलगा डोळ्यांसमोर आला.

पण डीईएचपी काढून टाका म्हणणंही सोपं नाही. तोच द्रव साठवलेल्या रक्तातल्या लाल पेशींना फुटण्यापासून जपतो. दुसरं काही वापरायचं तर ते याहून बरं आहे हे दाखवावं लागेल, आणि ते चाचणीशिवाय कसं दाखवणार? आयएसओ 10993 या मानकांत त्याची रीत आहे: प्लास्टिकचा अर्क काढायचा, त्यातली रसायनं ओळखायची, आणि माणसाच्या दर किलो वजनामागे रोज किती मात्रा चालेल ते ठरवायचं. उपकरण वारंवार वापरायचं असेल तर शरीराशी येणारा एकूण संपर्क मोजायचा. अपघातात सापडलेल्याला एकदा दोन पिशव्या लागतात. या मुलाला त्या वर्षानुवर्षं लागणार आहेत. म्हणजे ही तपासणी सगळ्यांत आधी त्याच्यासाठीच हवी.

उद्या त्याला रक्त लागलं तर हाती असेल ती पिशवी मी बिनदिक्कत लावायला सांगेन. रक्त न मिळण्याचा धोका कितीतरी मोठा आहे. पण खरेदीच्या वेळी आता नुसत्या दरावर सही करत नाही. वैद्यकीय उपकरण नियम 1 जानेवारी 2018 पासून लागू आहेत आणि परवान्यासाठी जैवसुसंगततेचे पुरावे द्यावे लागतात, म्हणजे कागद असतोच. पुरवठादाराला तो उघडायला सांगतो आणि विचारतो: यातली मात्रा किती किलोच्या रुग्णासाठी काढली आहे, आणि वर्षाला किती पिशव्या धरून?